चार वाजताची लाल रेघ

चिमणे,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. मी सहापर्यंत येते.

तू दिलेलं घड्याळ रोज चार वाजले की माझा ताण लाल दाखवतं, म्हणून महिनाभर तू माझ्या मागे लागली आहेस. जिना चढू नकोस, चहा कमी कर. त्या वेळी मी झोपलेली असते असं तुला सांगितलं, ती थाप होती. सकाळी डॉक्टरांना दाखवून आले. तब्येत ठणठणीत आहे. ते म्हणाले, घड्याळाला नुसते ठोके कळतात, माणूस घाबरलाय की खूश आहे ते कळत नाही.

मी दोन्ही असते. बाबांच्या स्कूटरवरची धूळ मीच पुसली. समोरची शिंपीण मला रोज चारला मैदानात ती चालवायला शिकवते आणि मागे बसून माझ्यापेक्षा जास्त किंचाळते. तेव्हा तू टाकलेली स्कूटर विकायची जाहिरात आजच काढून टाक.

आज चारला लायसन्सची परीक्षा आहे. घड्याळ घालून चाललेय. तुझ्या मोबाइलवर लाल दिसलं तरी फोन करू नकोस, मी वळत असेन. आणि पाचनंतरही लालच राहिलं, तर समज, पास झाले.

आई