नाव विचारून मारलेला माणूस

अल्लाच्या नावाने.

मी, ताजुस्सिर बाबिकर, धंदा खाटा बनवण्याचा, राहणार अबू रोफ, ओमदुरमान, सुदान, आज पूर्ण शुद्धीवर असताना, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. दडपण आणायला गल्लीत कुणी उरलेलंच नाही. डॉक्टर म्हणतात, हृदयाचा भरवसा नाही. हाताचा आहे, अक्षर पाहून खात्री करून घ्यावी.

घरदार हे निमित्त. खरं कारण असं, की माझा शेजारी उस्ताद मिरगनी याला ज्यांनी मारलं त्यांना मारताना पाहणारा मी एकटाच जिवंत आहे. मी गेलो की ते पाहिलेलंही माझ्याबरोबर मातीत जाईल. वकिलाला विचारलं, तर तो म्हणाला, "काका, मेलेल्या माणसाला कोर्टात उभं करता येत नाही. पण त्याचं मृत्युपत्र वाचावंच लागतं." म्हणून हा उद्योग.

कलम पहिलं : घर. मला मूलबाळ नाही. बायको सित्तना लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी गेली. सुटली बिचारी. हे वाक्य मी खोडणार नाही. शरियतप्रमाणे घराचे तीनपैकी दोन हिस्से माझा पुतण्या मुंतसिर याचे, ते मला अडवता येत नाहीत. तो कैरोहून फोन करतो आणि आधी विचारतो, "काका, छप्पर शाबूत आहे ना?" छपराखालच्या माणसाची चौकशी नंतर, तीही फोन कट झाला नाही तर. मुंतसिर, छप्पर शाबूत आहे. घे.

तिसरा हिस्सा माझ्या मर्जीचा. म्हणजे अंगण, त्यातल्या कडुनिंबासह. ते मी इख्लास हिला देतो. ती उस्ताद मिरगनीची मुलगी, सध्या पोर्ट सुदानला असते. अंगण तिला अशासाठी, की कडुनिंबाखाली तिचा बाप आहे.

कलम दुसरं : अवजारं. दुकान लुटलं गेलं. लाकूड नेलं, सुंभ नेला, दारावरची पाटीसुद्धा नेली. ती खाटांची पाटी नुसती वाचून कोण कुठे झोपणार होतं देव जाणे. वाकस, पटाशी आणि गिरमिट मी चुलीच्या राखेत पुरून ठेवली होती, म्हणून वाचली. ती मुंतसिरला देऊ नयेत, गंजवेल मेला. गल्लीत जे घर सर्वांत आधी परत येईल त्या घराला द्यावीत, आणि सोबत माझ्या विणलेल्या दोन खाटा. परत येणाऱ्याला पहिल्या रात्री जमिनीवर झोपायची पाळी येऊ नये. कोणीच आलं नाही तर काय करावं, ते मला सुचलेलं नाही.

चौकातली चहावाली कल्तूमा हिला मी काहीही ठेवलेलं नाही. कारण ज्याला वाटा मिळतो तो साक्षीदार होऊ शकत नाही, आणि साक्षीला मला दुसरं आहे कोण? हे तिला सांगितलं तर म्हणाली, "वा काका! जिवंतपणी उधारी, मेल्यावर फुकट सही!" तिच्या आल्याच्या कॉफीबद्दल मात्र इथे लेखी आभार मानतो.

कलम तिसरं : उस्ताद मिरगनी. हा शाळेत अरबी व्याकरण शिकवायचा आणि शाळा सुटल्यावर ते आम्हा सगळ्यांना शिकवायचा. माझ्या दुकानाच्या पाटीतली चूक त्याने खडूने दुरुस्त केली, भर दुपारी, गिऱ्हाइकांसमोर. मी कडुनिंबाची फांदी मुद्दाम त्याच्या भिंतीवर वाढू दिली. तो रोज सकाळी पाला झाडायचा आणि भिंतीवरून ओरडायचा, "अरे सुतारा, हे झाड आहे की सूड?" मी म्हणायचो, "व्याकरण बघून सांगा, उस्ताद." आमची उभी हयात अशीच गेली. सित्तना म्हणायची, तुम्हा दोघांचं लग्न लावून द्यायला हवं होतं.

मग लढाई आली आणि गल्ली रिकामी झाली. तो गेला नाही, कारण पुस्तकं कोण सांभाळणार. मी गेलो नाही, कारण तो गेला नाही. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. एकाच पातेल्यात फूल शिजवायचो, म्हणजे आपले ते वालासारखे दाणे. तो मिठावरून भांडायचा. त्या दिवसांत मी जितका हसलो तितका लग्नातही हसलो नव्हतो.

कलम चौथं : मी जे पाहिलं ते. हे माझ्या मालकीचं आहे आणि हेही मी इख्लासला देतो.

रमजान संपून ईद झाली, त्यानंतरच्या एका सकाळी बंदूकवाल्यांची गाडी गल्लीत आली. गणवेश कोणाचा होता ते मी सांगणार नाही, कारण त्या दिवसांत गणवेश चोरीचेही असत. पण चेहरे मी ओळखेन. उस्ताद ओट्यावर बसला होता. मी माझ्या दाराच्या फटीमागे होतो. एकाने माझ्या दाराकडे बोट करून विचारलं, "इथे कोण राहतं?"

उस्ताद म्हणाला, "कोणी नाही. सुतार होता, कधीच पळाला."

मग त्याला भिंतीशी उभं केलं. नाव विचारलं. त्याने नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आजोबांचंही सांगितलं, एकेक अक्षर स्वच्छ, वर्गात सांगावं तसं. बंदूकवाल्याने ऐकून घेतलं आणि गोळी घातली. मग ते पाण्याचे डबे घेऊन गेले.

कबरस्तानाचा रस्ता बंद होता. मी त्याला खाटेवर घातलं. खाट चौघांनी उचलायची असते. मी एकट्याने ओढत अंगणात आणली. सित्तनाच्या पांढऱ्या कापडात गुंडाळून कडुनिंबाखाली पुरलं. तेव्हापासून पाला त्याच्याच अंगावर पडतो आहे आणि भिंतीवरून कोणी ओरडत नाही. मला ते सहन होत नाही.

कलम पाचवं : एक शब्द. आता लढाई इथून पुढे सरकली आहे आणि अंगणांतली प्रेतं उकरून कबरस्तानात न्यायला सरकारी पथक फिरतं आहे. त्यातला कारकून जारुन्नबी माझ्याकडे आला. माणूस भला आहे, दमलेला आहे. त्याने कागदावर मृत्यूचं कारण लिहिलं : भरकटलेली गोळी.

मी म्हटलं, "अहो, नाव विचारून मारलेल्या माणसाला भरकटलेली गोळी लागते का?"

"काका, सगळ्यांचं असंच लिहितो. वरून तसं सांगितलंय. एका शब्दासाठी काय अडवता?"

"हा व्याकरणाचा मास्तर आहे. चुकीच्या शब्दाखाली याला मी झोपू देणार नाही."

शब्द खोडल्याशिवाय फावडं लावू दिलं नाही. पथक दोनदा परत गेलं. इख्लासचा फोन आला. म्हणाली, "काका, आईशेजारी त्यांची जागा ठेवलीय. सोडा ना आता त्यांना." मी तिला शब्दाचं कारण सांगितलं. ती रडली आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." ते अर्धंच बरोबर होतं, पोरी. उरलेलं अर्धं इथे लिहितो. तो गेला तर मी गल्लीत एकटा. सकाळी उठून त्याला मिठाबद्दल सांगतो, पाला पडल्याबद्दल माफी मागतो. दुसरं बोलायला कोण आहे मला?

शब्द न बदलता मी मेलो, तर हे मृत्युपत्र इख्लासने प्रत्येक कचेरीत वाचून दाखवावं, मोठ्याने, उच्चार स्वच्छ ठेवून.

पुरवणी, त्याच दिवशी. दुसरा साक्षीदार मिळेना, म्हणून कल्तूमाने जारुन्नबीलाच हाताला धरून आणलं. साक्षीदाराने वाचल्याशिवाय सही करायची नसते, म्हणून त्याला सगळं वाचावं लागलं. कॉफी निवून गेली. मग तो पिशवीतून उस्तादचा कागद काढून बसला. ‘भरकटलेली’ हा शब्द खोडला. वर लिहिलं : नाव विचारून, जवळून, हेतुपुरस्सर. खाली सही केली. म्हणाला, "नोकरी गेली तर तुमच्याकडे खाटा विणायला येईन." कल्तूमा तोंडावर पदर घेऊन रडली.

तेव्हा आता अडवायला माझ्याकडे कारण उरलेलं नाही. उद्या सकाळी उस्तादला नेणार आहेत. इख्लास रात्रीच्या गाडीने निघाली आहे. त्याला माझ्या खाटेवरच न्यावं, आणि या वेळी चौघांनी उचलावं.

खड्डा बुजवू नका, लवकरच लागेल, असं मी जारुन्नबीला सांगितलं. तो म्हणाला, "काका, नियमात बसत नाही."

म्हटलं, "बरं, बुजव. पण माती सैल ठेव."

लिहून देणार : ताजुस्सिर बाबिकर (सही)

साक्षीदार : १. कल्तूमा आदम, चहावाली (अंगठा)
२. जारुन्नबी इसा, कारकून. वरील मजकूर मी स्वतः वाचला आहे. (सही)

ठिकाण : अबू रोफ, ओमदुरमान, कडुनिंबाखाली
तारीख : ९ नोव्हेंबर २०२५