खोडाखालून गेलेली लाल गाडी

ब्रिनग्लास, वेल्स
४ मार्च

प्रिय एमरिस,

तिकडे ऑस्ट्रेलियात तू उन्हानं भाजला असशील. आम्ही इकडे ओलेचिंब आहोत. मेंढ्या व्यायला लागल्यात. एकीला तिळी झाली, त्यातलं एक कोकरू सध्या चुलीजवळच्या खोक्यात झोपतं.

"तुझा रणगाडा कसा आहे?" म्हणून माझ्या उंच गाडीवरून तू नेहमी चिडवतोस. उत्तम आहे. गेल्या महिन्यातल्या वादळापासून चिखलातून चारा तोच वाहतोय. बाबांची लाल टू-सीटर पहिल्याच खड्ड्यात बसली असती. तिचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. मी हे ऐकवलं की बाबा म्हणायचे, "नेरिस, तुझी ती गाडी नव्हे, चाकांवरचा गोठा आहे."

आता मी ऐकवत नाही.

घाबरू नकोस, आई बरी आहे. हे आधी लिहायला हवं होतं; मेंढ्यांचं काय लिहीत बसले कोण जाणे.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या छातीत कळ आली. रस्ता बंद आहे, गावातल्या पुलापर्यंत आणा, असं अॅम्ब्युलन्सवाले म्हणाले. मी तिला माझ्या गाडीत बसवलं, बाबा मागे. फाटकाखालच्या वळणावर बघते तर ते जुनं झाड रस्त्यावर आडवं, पलीकडच्या बांधावर टेकलेलं. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला ओढा. एवढी उंच गाडी खालून जाणं शक्यच नव्हतं. करवत आणून तोडत बसावं, तर आईचे ओठ निळे पडायला लागलेले.

बाबा घराकडे पळत सुटले. ऐंशीचा माणूस! आले ते लाल गाडी घेऊन. टप काढलेला, पुढची काच बॉनेटवर आडवी पाडलेली.

"मी चालवते," मी म्हटलं.

"तिचा गिअर तुला कुठे पडतोय? मायरला बसव." बाबांनी आईकडे बोट केलं.

दोघांनी माना खाली घातल्या आणि गाडी खोडाखालून सरपटत गेली. आईचा आवाज तेवढा ऐकू आला, "डावीकडे, इडवल! अरे, डावीकडे!" मला वाटलं, मरतानाही भांडतेय.

पुलावरून अॅम्ब्युलन्सनं तिला नेलं; मी खोडावरून चढून पायी गावात आले आणि मागोमाग हॉस्पिटल गाठलं. "वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले. मी तिथेच, हॉस्पिटलच्या पायरीवर बसून रडले.

घरी यायच्या दिवशी बाबांना लाल गाडीच न्यायची होती. आईनं फोनवरूनच सांगितलं, "एकदा बसले तेवढं पुरे. हाडं खिळखिळी झाली माझी." त्यामुळे माझ्या गाडीत ती पुढे, गरम होणाऱ्या सीटवर, आणि बाबा मागे चाऱ्याच्या गोणीशेजारी. झाड पडलं होतं त्या वळणावर ते पुढे वाकले. मग म्हणाले, "मला ते खोड दिसलंच नव्हतं. नुसता काळा पट्टा. मायर सांगेल तसं वळवत गेलो."

मी गाडी बाजूला घेतली. आई खिडकीबाहेर बघत होती. तिला ठाऊक होतं.

"दिसत नाही तर चालवू नका म्हणून एमरिसनं चावी मागितली, तर मी त्याला घराबाहेर काढलं," बाबा म्हणाले. "पोराचं बरोबर होतं." आणि लाल गाडीची चावी त्यांनी माझ्या हातात ठेवली. मी मागितली नव्हती, एमरिस. त्यांनी आपणहून दिली. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं.

तुला कळव, असं काही ते म्हणाले नाहीत. मीच कळवतेय.

आईला अजून जिना उतरायची परवानगी नाही. त्यामुळे फोन सध्या बाबा उचलतात. तू ठेवून देऊ नकोस.

तुझी बहीण,
नेरिस