भर तळ्यात बंद पडणाऱ्या आहेराबद्दल जावईबापूंस

राजमान्य राजेश्री आइलू जावईबापू यांस,

तुमची सासू रिस्तेन हिचे, गोठलेल्या बोटांनी लिहिता येतील तेवढे आशीर्वाद. तुमची प्रकृती ठीक असेलच. गरम केबिनमध्ये बसून शहरातली बस चालवणाऱ्या माणसाच्या प्रकृतीला काय धाड भरायची आहे! सुन्नाचा खोकला गेला का? नसेल तर तिला मज्जेच्या हाडांचं सूप द्या. ती नको म्हणेल, तरी द्या. लहानपणीही नको म्हणायची आणि वाटी चाटून ठेवायची.

इकडे सर्व क्षेम आहे. 'सर्व' यात तुम्ही जाताना मला देऊन गेलात ती स्नोमोबाईल धरलेली नाही. तिची ख्यालीखुशाली एका ओळीत मावत नाही, म्हणून हे पत्र.

ट्रॉम्सो शहरात बिऱ्हाड हलवताना तुम्ही अंगणात उभे राहून तिच्या सीटवर थाप मारलीत आणि म्हणालात, "आई, म्हातारी आहे, पण भरवशाची आहे." (क्षणभर मला वाटलं, माझीच ओळख कोणाला तरी करून देताय.) तुमचा आवाज भरून आला होता. सुन्नाही रडली. मला सोडून जाताना दोघांचे डोळे कोरडे होते, पण ते असो, यंत्राला माणसापेक्षा जास्त जीव लावावा लागतो हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलंय.

जानेवारीत इकडे पाऊस पडला. हो, पाऊसच. मग रात्रीतून गारठा आला आणि सगळ्या माळावर काचेसारखा थर बसला. खाली दगडफूल भरपूर, पण रेनडिअरच्या खुराला ते लागेना. आपला कळप तळ्यापलीकडे, माद्या गाभण. खाद्याची पोती पोचवली नाहीत तर वसंतात पिलं मोजायची वेळच येणार नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मी पोती घसरगाडीवर बांधली, ती तुमच्या भरवशाच्या म्हातारीमागे जोडली, इंजिनाची दोरी ओढली. दुसऱ्याच ओढीला सुरू! मी मनातल्या मनात तुमची माफीसुद्धा मागितली. (ती परत घेतली आहे.) अंगणात ती मांजरीसारखी गुरगुरत होती. तळ्याच्या मध्यावर पोचले, भार ओढायला म्हणून जरा रेस दिली, तर तिने एक उसासा टाकला आणि गप्प झाली. मी दोरी ओढत बसले. थोड्या वेळाने सुरू झाली, चार ढांगा पुढे गेली, पुन्हा गप्प. शेवटी पोती तिथेच ठेवून चालत घरी आले. वाटेत तुमची आठवण काढली. उचकी लागली असेल.

दुसऱ्या दिवशी शेजारचा मिह्काल आला. तुम्हाला ठाऊकच आहे, मिह्कालला न विचारता सगळं येतं. त्याने गाडी ओढून माझ्या शेडमध्ये आणली, बॉनेट उघडलं, प्लग काढला, उजेडात धरला, हुंगला (प्लग का हुंगतात हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही) आणि म्हणाला, "कोरडा आहे, पांढरा पडलाय. प्लगच गेला." नवा प्लग घातला. गाडी अंगणात गुरगुरली, तळ्यावर मेली. मग म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी आहे. टाकी रिकामी केली, नवं पेट्रोल भरलं. अंगणात गुरगुरली, तळ्यावर मेली. प्रत्येक निदानाला तो कॉफीत चीजचे तुकडे टाकून घेई आणि वाळवलेल्या मांसाची एक पट्टी चघळत बसे. माझं मांस संपत आलं, त्याची निदानं मात्र संपेनात.

तेव्हा मी तुम्हाला फोन केला. तुम्ही काय म्हणालात ते शब्दशः लिहून ठेवण्यासारखं होतं. म्हणालात, "आई, तिला जरा गरम होऊ द्या. घाई करू नका. प्रेमाने घ्या." जावईबापू, उणे तीसमध्ये भर तळ्यात उभं राहून मी त्या यंत्रावर जेवढं प्रेम केलं तेवढं तुमच्या सासऱ्यांवरही केलं नाही, आणि ते निदान हाक मारली की उठायचे.

शेवटी मिह्कालने कार्बोरेटर काढलं. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. इवल्या इवल्या भोकांचे स्क्रू, एक तरंगता डबा, एक सुई. मी म्हटलं, "मिह्काल, हे सगळं परत बसेल ना?" तो म्हणाला, "बसतं की! एखादा तुकडा उरतो कधी कधी." ते सगळं त्याने माझ्या मासे उकडायच्या पातेल्यात धुतलं. उरलं काही नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहायला हवं. अंगणात गाडी पूर्वीपेक्षा गोड गुरगुरली. तळ्यावर मेली.

या खेपेला मी उतरले नाही. राग इतका आला होता की हाताला येईल ते ओढत सुटले, त्यात थंडीत गाडी सुरू करताना पेट्रोल आत ढकलायचा तो छोटा दट्ट्या हाती आला. तो दाबला आणि बाईसाहेब जाग्या झाल्या! थांबवला, झोपल्या. दाबला, उठल्या. म्हणजे प्लग नाही, पाणी नाही, सुई नाही. ती उपाशी होती. अंगणात बसून राहायचं तर चमचाभर पेट्रोल पुरायचं, ओझं ओढायचं म्हटलं की पोटात काही पोचतच नव्हतं. उजव्या हाताने रेस आणि हँडल, डाव्या हाताने दट्ट्या मागे-पुढे, असं अख्खं तळं मी तिला भरवत पलीकडे नेलं. पाळण्यातल्या सुन्नानेही मला एवढं दमवलं नव्हतं.

माद्या काठावरच उभ्या होत्या. बर्फ फोडून फोडून तोंडं सोलवटलेली. पोतं उघडण्याआधीच माझ्या अंगावर आल्या. मागे आडवी पडलेली एक मात्र उठली नाही. तिच्या कानाला सुन्नाच्या मालकीची खूण होती. सुन्नाला सांगू नका, मीच सांगेन. आणि हा दोष तुमचा नाही, पावसाचा आहे. एवढं एक वाक्य सरळ लिहिते.

परत आल्यावर शेडमध्ये दिवा धरून बसले. टाकीतून पंपापर्यंत पेट्रोल व्यवस्थित येत होतं. मग पंपच ढकलत नसणार. आणि त्याला ढकलायचं बळ मिळतं इंजिनाच्या श्वासातून, एका बोटभर नळीने. ती नळी मी चाचपली. तिच्यावर हिरवी टेप. टेपेखाली टेप. त्याखाली आणखी टेप, आणि सगळ्यात आत, क्लिपच्या अगदी खाली, इकडून तिकडे गेलेली चीर. इंजिनाचा सगळा श्वास तिथूनच बाहेर जात होता. त्या टेपेच्या गुंडाळीत तुमचं हस्ताक्षर मी लगेच ओळखलं. लग्नात सुन्नाला दिलेल्या भेटीचं वेष्टण असंच होतं.

मिह्कालला बोलावून ती दाखवली. त्याने टेपेचा एक वेढा सोलला, हुंगला. मग म्हणाला, "जावई तिकडे बस चालवतो ना तुझा?"

"हो."

"प्रवासी सुखरूप आहेत ना?"

त्याच्या मेलेल्या होडीच्या इंजिनातून चांगली नळी काढून आम्ही बसवली. गाडी आता वाऱ्यासारखी पळते. रोज पोती घेऊन जाते. माद्यांची तोंडं भरून येताहेत. तेव्हा काळजी नसावी, आणि नव्हतीच, हेही मी जाणून आहे.

सुन्नाला गालावर एक पापी. तुम्हाला यथायोग्य.

रिस्तेन

ता. क. गाडी उत्तम चालते असं वर लिहिलं ते खरं आहे. मला ती सुरू करता येत नाही, हेही खरं आहे. दोरी ओढून ओढून माझा उजवा खांदा गेला. हात कानापर्यंतही वर जात नाही. रोज सकाळी मिह्काल येतो, एकदाच दोरी ओढतो, "यात ताकद लागते, रिस्तेन" असं म्हणतो आणि दुपारपर्यंत कॉफी पितो. मी हे फार दिवस सहन करू शकेन असं वाटत नाही.

ता. क. दुसरं. एप्रिलमध्ये माद्यांना किनाऱ्याकडे न्यायचं आहे. तुम्ही रजा काढून या. दोरी तुम्ही ओढायची, गाडी मी चालवणार, तुम्ही मागे घसरगाडीत पोत्यांवर बसायचं. सुन्नाला खांद्याचं कळता कामा नये, नाहीतर ती मला उचलून तुमच्या त्या शहरातल्या खोलीत आणून ठेवील. का चाललात म्हणून तिने विचारलं तर सांगा, गाडी पुन्हा बिघडली. तुमच्या हातची गाडी म्हटल्यावर ती मुळीच शंका घेणार नाही.