इंदूरची भरती-ओहोटी

इंदूर, २३ ऑगस्ट

आदरणीय बुद्धरत्न जीजाजींना ज्ञानदीपचा सविनय जयभीम. तिकडे रत्नागिरीत तुम्ही, पंचशीलाताई आणि तुमचं बीपी तिघंही मजेत असाल. आईनं सांगितलंय, खारं कमी खा. (समुद्राला लागून राहणाऱ्या माणसानं ते कसं करायचं, हे तिलाच विचारा.) इकडे सगळे ठीक आहेत, मी सोडून.

मला नोकरी लागल्याचं ताई बोललीच असेल. माझी कादंबरी, जिच्यात एकही पूर्णविराम नव्हता, ती अकरा जणांनी वाचायला घेतली आणि एकानंही संपवली नाही (तुम्ही चौथे). तेव्हा घरात ठरलं, याला कुठेतरी चिकटवा. तर सुदामा नगरच्या पुढे एका बस डेपोत तीन महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर चिकटलो. काम, फ्लड प्लान लिहिणे. डेपो नाल्याला लागून. मागच्या पावसाळ्यात सहा इलेक्ट्रिक बसेस सीटपर्यंत बुडाल्या, बॅटऱ्या गेल्या, आणि ठपका आला तात्यारावांवर. तात्याराव म्हणजे यार्डात बसेस लावणारे जुने ड्रायव्हर, रिटायरमेंटला दीड वर्ष बाकी. यंदा एक जरी बस बुडाली तर सीधा घरी, अशी चिठ्ठीच मिळालेली त्यांना. मतलब एका माणसाची नोकरी माझ्या लेखणीला टांगलेली, आणि मला वाटलं, हे तर अपन चुटकीत करू.

चुटकीतच केलं. नेटवर कुठल्यातरी समुद्रकाठच्या शहराचा प्लान मिळाला, एकदम चकाचक. त्याचं हिंदी केलं, शहराचं नाव काढून इंदूर टाकलं आणि ताणून दिली. समुद्र काढायचा राहिला. चाळीस पानांत तो एकशे बारा वेळा होता, जीजाजी! मागे भरती-ओहोटीचा तक्ता जोडा असं लिहिलेलं, तर दिवाळीत तुमच्या किचनमधल्या तक्त्याचा मी फोटो काढलेला (कवितेसाठी, हसू नका), तोच जोडला. त्यावर ताईनं चौदा तारखेला गोल करून ‘गॅस’ लिहिलंय, तेही गेलं. मॅनेजर जयेशजींनी पानापानावर सही मारली. वाचून मारली असती तर मी त्याच दिवशी घरी बसलो असतो. प्लान यार्डात टांगला गेला.

चूक कळली सोमवारी दुपारी. पोहे खाता खाता आपलंच लिखाण कौतुकानं वाचायला घेतलं आणि पहिल्याच पानावर समुद्र भेटला. कागद फाडायला धावत डेपोत गेलो, तर काय, तात्याराव एकेक करून बावीस बसेस मागच्या मॅरेज गार्डनच्या चढावर नेऊन लावताहेत. ऊन पडलेलं. जयेशजी ओरडताहेत, ‘अरे तात्या, बादल कहाँ है, बादल?’ तात्यारावांनी तक्त्यावर बोट ठेवलं. ‘चार दहाला भरती आहे साहेब. दीड तास आधी बसेस हलवायच्या. नीचे सही तुमचीच.’ जयेशजी सही बघून बाजूला झाले. मी गप्प (हा माझा आजवरचा सर्वांत यशस्वी प्रयोग). वरच्या बाजूला कुठेतरी धो धो झालेलं, ते पाणी साडेचारला नाल्यातून आलं आणि डेपोत कमरेला लागलं. बावीसच्या बावीस बसेस वर, कोरड्या ठण्ण.

तेव्हापासून माझं जगणं हराम झालंय. सत्कार झाला, नारळ मिळाला, कॉन्ट्रॅक्ट वर्षभर वाढलं. क्लीनर लोक विचारतात, ‘क्या भिया, आज समंदर कैसा है?’ खरं सांगायला जयेशजींकडे दोनदा गेलो, दोन्ही वेळा त्यांनी पोहे-जलेबी मागवली. भरल्या तोंडानं सत्य सांगता येत नाही, हे मला नव्यानं कळलं.

ताईला जयभीम, पिल्लूला पापा.

तुमचा मेहुणा (नात्यानं साला, बाकी तुमची मर्जी),
ज्ञानदीप

ता. क. फोटोतला तक्ता मागच्या वर्षीचा निघाला. तरी यंदाचा आणि पुढच्या वर्षीचा पाठवावा, जमल्यास बंदराच्या शिक्क्यासकट. ताईनं त्यावर काही गोल करू नये.

ता. क. २. काल शेवटी तात्यारावांना सांगूनच टाकलं, की काका, इंदूरला समुद्र नाही. तर म्हणाले, ‘बेटा, बत्तीस साल झाले इथे, मला काय माहीत नाही? त्या दिवशी वरून वाहत आलेली गादी पुलाखाली अडकलेली बघितली, नाल्याचा वास बदललेला. मागच्या वर्षीही बघितलं होतं. पण बिना कागज बस हलवता येत नाही, आणि कागज आला तेव्हा पाणी सीटवर होतं. तुझ्या कागदात रोज दोन भरत्या. मतलब रोज दोनदा परमिशन.’ तेव्हा जीजाजी, तक्ता जरा लवकर पाठवा. तात्याराव रिटायर होईपर्यंत तरी इंदूरला समुद्र लागेल.