बाबांवर पूर्ण विश्वास

बोखुम, बुधवार

ती. गेर्लिंडे आत्यास,

नमस्कार. गुडघा कसा आहे? नवा सांधा बसवून सहा आठवडे झाले, आता तो नव्वद अंशांपर्यंत वाकायला हवा. वाकत नसेल तर डॉक्टरांना सांग, शेजारणीला नको. आम्ही दोघं ठीक आहोत. (मी ठीक आहे. बाबा परवापासून फक्त सूप पितात.)

कारण असं की आमच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष श्ट्यूवे यांनी सोमवारी वर्तमानपत्राला सांगितलं, प्रशिक्षकावर, म्हणजे बाबांवर, आमचा पूर्ण विश्वास आहे. याचा अर्थ तुला सांगायला नको. नुसत्या विश्वासावर प्रशिक्षक नाताळपर्यंत टिकतो. पूर्ण विश्वासावर तो सरासरी नऊ दिवस टिकतो, मी दहा हंगामांचे आकडे तपासले. काल बेकरीवाल्या बाईंनी बाबांना न मागता दोन पाव जास्त दिले आणि हळू आवाजात तब्येत विचारली.

यात माझा काही दोष नाही असं लिहायचं होतं, पण आकडे जुळत नाहीत. या हंगामात आपल्यावर झालेल्या एकतीस गोलांपैकी चौदा कॉर्नरवर झाले. कॉर्नरला बाबा सगळ्यांना गोलसमोर गोळा करतात आणि गोलचा दूरचा खांब मोकळा सोडतात, कारण ते जर्मनीकडून तेवीस सामने खेळले तेव्हा तसेच उभे राहायचे. (जेवताना ते हे उठून दाखवतात. मीठदाणी गोलरक्षक असते.) क्लबची विश्लेषक म्हणून मी हे अहवालात आलेखांसकट लिहिलं आणि नियमाप्रमाणे एक प्रत अध्यक्षांना पाठवली. मुलगी म्हणून सूट नको, प्रत गेलीच पाहिजे, हा नियम बाबांचाच.

बाबांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला, चष्मा पुसला आणि पाचव्या पानावरची तारीख चुकल्याचं सांगितलं. ती खरंच चुकली होती. मग बागेत जाऊन त्यांनी कुंपणाची झुडपं कापली. ती आता घोट्याइतकी आहेत.

तुझी,
आल्मुट

ता. क. शनिवारच्या सामन्याला प्रशिक्षक मी आहे. श्ट्यूवे यांनी काल विचारलं आणि मी हो म्हणाले. (प्रशिक्षकाच्या परवान्याच्या परीक्षेला मला बाबांनीच बसवलं होतं.) श्ट्यूवे बाबांना हे शुक्रवारी सांगणार आहेत. हे पत्र तुला उद्या मिळेल. त्याआधी तू बाबांना फोन करून सांगशील का? मी तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेले.

आणखी एक. पाकीट बंद करत होते तेवढ्यात बाबा आत आले. म्हणाले, "दूरच्या खांबाशी एक माणूस उभा कर. मी शनिवारी गेर्लिंडेकडे रेडिओवर ऐकेन." आणि सूप गरम करायला गेले.

तेव्हा त्यांना फोन नको. मला कर.