मागच्या दारावरची रेघ

प्रिय ठोंब्या,

'प्रिय' लिहिताना पेन दोनदा अडलं. पण बाबांनी शिकवलंय, काम कितीही घाण असो, सुरुवात स्वच्छ पाण्याने करावी. तेव्हा हे स्वच्छ पाणी समज. साबण पुढे आहे.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू "ताई, एक मिनिट हं, दुसरा कॉल येतोय" म्हणतोस आणि ते मिनिट पुढच्या महिन्यात संपतं. शिवाय तुला ठाऊकच आहे, मी बावीस वर्षं पंख्यांच्या कंपनीत तक्रार विभागात बसते. लोकांच्या शिव्या उघडून वाचायच्या आणि "आपल्या भावना आम्ही समजू शकतो" असं उत्तर धाडायचं, हे माझं काम. एवढ्या वर्षांत मी स्वतः एकही तक्रार लिहिलेली नाही. ही पहिली. नीट बसून वाच, आणि माझ्या भावना समजू शकतोस असं चुकूनही कळवू नकोस.

गाडी तीन आठवडे कव्हराखाली आहे. तुला वाटेल, त्यात काय मोठंसं? तीन आठवडे म्हणजे तीन रविवार, आणि ऑपरेशननंतरचा बंदीचा महिना सोडला तर बाबांनी गाडी न धुतलेला रविवार मला आठवून आठवून एकच सापडतो, आई गेली तो. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र ते दोन बादल्या घेऊन अंगणात उभे होते. आत्या तेव्हा कुजबुजली होती, "याला बायकोपेक्षा गाडीचं जास्त." तू नव्हतास, तू रेल्वेने परतही गेला होतास. मी होते. बाबा टपावर फडकं फिरवत होते आणि त्यांच्या तोंडावरून ओघळणारं पाणी बादलीतलं नव्हतं. आत्याला ते दिसलं नाही, कारण आत्या खिडकीतून बघत होती, आणि खिडकीतून बघणाऱ्यांना नेहमी थोडं कमीच दिसतं.

ती पद्धत तू विसरला असशील, म्हणून पुन्हा लिहिते. ऊन डोक्यावर यायच्या आत धुवायची. बादल्या दोन, एक साबणाची, एक साध्या पाण्याची. फडकं गाडीवरून फिरलं की आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मगच साबणात बुडवायचं, म्हणजे धुळीतला खडा पुन्हा गाडीवर जात नाही. टपापासून सुरुवात, चाकं शेवटी. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं मेलं. आणि हात सरळ, पुढून मागे. गोल कधीच नाही. "खडा अडकलाच तर सरळ ओरखडा एका बाजूने दिसतो, गोल ओरखडा चारी बाजूंनी ओरडतो." मग मेण. तळहाताएवढ्या जागेत बोटभर मेण, पातळ, चेहऱ्याला लावावं तसं. धुरकट झालं की कोरड्या मऊ फडक्याने पुसायचं आणि पुढच्या तळहाताकडे जायचं. लोक म्हणतात काळ्यावर मळ दिसत नाही. असं म्हणणाऱ्याने जन्मात काळी गाडी धुतलेली नसते. काळ्या गाडीवर माशी बसून उठली तरी आपला पत्ता ठेवून जाते.

आणि शेवटची परीक्षा, ती तरी आठवते का रे? आपल्याला दारासमोर उभं करून बाबा म्हणायचे, "दात दाखवा." दारात आपले दात मोजता आले तर काम पास. तुझे पुढचे दोन पडले होते तेव्हा तू रडलास, गाडी नापास झाली म्हणून. बाबा किती हसले होते! "अरे ठोंब्या, गाडी पास आहे, तूच नापास आहेस." तेव्हापासून तू ठोंब्या. आज ते नाव किती दूरदृष्टीने ठेवलं होतं हे कळतंय.

आता तुझ्या पराक्रमाकडे येते. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तू चार दिवस आलास. आलास हे खरं, नाकारत नाही, तक्रार विभागातली बाई आहे, नोंदी चोख असतात. त्यांतले दोन दिवस तू दवाखान्याच्या बाकावर बसून मोबाईलमध्ये बघत होतास. तिसऱ्या दिवशी तुला शाळेतल्या मित्रांकडे जायचं होतं, आणि रिक्षाने गेलं तर तिथल्या लोकांना तुझं मोठेपण कळलं नसतं. डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाने उशाखालची किल्ली काढून दिली. माझ्याकडे त्यांनी कधी इतक्या सहज दिली नाही. म्हणाले, "जाऊ दे त्याला, त्याचीही आहे." गाडीच्या बॉनेटवर कबुतरांनी आपलं मत नोंदवलं होतं. ते धुवायला तू भर दुपारी, तापलेल्या पत्र्यावर, भांड्यांचा साबण आणि स्वयंपाकघरातला हिरवा स्क्रबर घेऊन गेलास. समोरच्या शिंपीणबाईंनी पाहिलं. परवा ब्लाउज आणायला गेले तेव्हा त्या सहज बोलून गेल्या, "तुझा भाऊ कामाचा आहे हो, करपलेली कढई घासावी तशी गाडी घासत होता." बिचाऱ्यांना ते कौतुक वाटलं. मी हसले. ब्लाउज तिथेच विसरून आले.

रात्री तू परत आल्यावर गाडीवर स्वतःहून कव्हर घातलंस. मला वाटलं, वा, ठोंब्या सुधारला! डॉक्टरांनी बाबांना महिनाभर वाकायला आणि पाण्यात हात घालायला बंदी केली होती, आणि बाबांनी मला बजावलं होतं, "माझ्याशिवाय कुणी कव्हराला हात लावायचा नाही." मी लावला नाही. महिना उलटला, नवा चष्मा आला, आणि त्या रविवारी सकाळी बाबा दाढी करून, जुना शर्ट चढवून, खरोखर शीळ घालत अंगणात गेले. "आता बघ, गाडी नव्या डोळ्यांनी बघतो." कव्हर काढलं. ऊन तिरपं होतं. बॉनेटभर गोल गोल ओरखडे, कोळ्याने जाळं विणावं तसे, एकात एक, एकावर एक. शीळ मध्येच तुटली. मी चहा घेऊन आले तर ते वाकून, बोटाने एक ओरखडा गिरवत होते. चहा गार होईपर्यंत गिरवत होते.

मग त्यांनी तुला फोन केला. स्पीकरवर. मी भाजी चिरत होते, सगळं ऐकलं. त्यांनी तुला आरोपाने विचारलं नव्हतं रे, सल्ला मागितला होता: "बॉनेटवर असं असं दिसतंय, तुला काही लक्षात आलं होतं का?" तिथे तुला दोन शब्द पुरले असते. मी केलं. बस. त्याऐवजी तू काय म्हणालास? "बाबा, ते जुनंच असणार. तुम्हाला दिसत नव्हतं ना, मोतीबिंदूत तुम्हीच घासत बसला असाल. आता हात पण थरथरतो तुमचा. वय झालं, विकून टाका ना ती, कशाला झंझट." आणि मग दुसरा कॉल आला. बाबांनी गाडीवर पुन्हा कव्हर चढवलं.

ओरखडे घासून जातात, ठोंब्या. पॉलिश आहे, मेण आहे, सगळं आहे. पण तू फोनवर जे घासलंस त्याला मेण कुठलं लावू? बाबांचा हात थरथरत नव्हता. आता थरथरतो. कप दोन्ही हातांनी धरतात. दाढीला न्हाव्याकडे जातात, "उगाच कापून घ्यायला नको" म्हणतात. बाजारात गाडीने जाणं बंद, किल्ली माझ्या कपाटात आणून ठेवली, मी न मागता. आणि परवा जेवताना घास हातात धरून मला विचारलं, "ड्रायव्हर म्हणून मालकांची ही गाडी मी एकतीस वर्षं पुसली. तेव्हाही असंच करत असेन का गं? मला दिसत नसेल, आणि मालक भिडेखातर बोलले नसतील." एकतीस वर्षं मालकांनी ज्या गाडीच्या दारात बघून मिशी नीट केली, आणि नवी आल्यावर "हिला तुझ्याशिवाय कोण सांभाळणार" म्हणून जी बाबांच्या हाती दिली, त्याच गाडीबद्दल हा माणूस विचारतोय! एका वाक्यात तू त्यांची अख्खी नोकरी खरवडून टाकलीस. तेही भांड्यांच्या स्क्रबरने.

मी त्यांना सांगितलं, ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी मी बॉनेटमध्ये माझे दात मोजले होते, दाढेतलं चांदीचं सिमेंटसुद्धा दिसत होतं. म्हणाले, "तू माझं मन राखतेस." मग मी दुसरा उपाय केला. म्हटलं, बाबा, मीच केलं, तुम्ही दवाखान्यात असताना. त्यांनी मला हाताला धरून अंगणात नेलं, उन्हात उभं केलं, आणि म्हणाले, "हा तुझा हात नाही. तुझा हात सरळ चालतो, नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून. हे थरथरत्या हाताचं काम आहे. म्हातारा हात गोल फिरतो." तुझं नाव मी घेतलं नाही. पण तू ती धुतली होतीस का असा प्रश्न तरी त्यांच्या मनात यावा म्हणून म्हटलं, आणखी कुणी हात लावला असेल. तर म्हणाले, "धाकट्याने? त्याने केलं असतं तर सांगितलं असतं. तो लपवणारा नाही. सहा वर्षांचा होता तेव्हा स्वतःहून पुढे आला होता."

आता इथे माझं पेन परत अडलं आहे, आणि या वेळी कारण तू नाहीस.

मागच्या डाव्या दारावर खाली एक बारीक रेघ आहे. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून दाखवतात. "ही आमच्या धाकट्याची. दप्तराचं बक्कल घासलं. मालकांची गाडी होती, नोकरी जायची वेळ. पण पठ्ठ्याने लपवलं नाही." तीन संध्याकाळी बसून त्यांनी ती रेघ मालकांच्या नजरेला पडणार नाही इतकी पुसली, आणि गाडी आपली झाल्यावर मात्र उरलेली रेघ मुद्दाम ठेवली. लोकांच्या घरात मुलांची बक्षिसं टांगलेली असतात, आपल्याकडे दारावर तुझी रेघ. ती रेघ माझी आहे, हे जगात दोघांनाच माहीत. बक्कल माझ्या दप्तराचं होतं. बाबांनी विचारलं "कुणी केलं?" तेव्हा माझी वाचा बसली, आणि तू, दोन दात नसलेला, माझ्या पुढे येऊन उभा राहिलास. "मी केलं." एक चापटी खाल्लीस, नंतर आयुष्यभराचा विश्वास मिळवलास. मी चापटीही खाल्ली नाही आणि खरंही बोलले नाही. अडतीस वर्षं त्या रेघेवरून सरळ हाताने मेण फिरवते आहे, बाबांच्या शेजारी उभी राहून, तोंड मिटून. दुसऱ्यांच्या तक्रारींना उत्तरं देणारी मोठी शहाणी!

म्हणजे बघ, बाबा तुझ्यावर संशय घेत नाहीत ते माझ्या खोटेपणामुळे. तुझं नाव सांगायचं तर आधी माझं सांगावं लागतं. तुझ्यावर जितकी चिडले आहे त्यातला निम्मा राग माझा मलाच आहे, पण म्हणून तुझ्या वाट्याला कमी येईल असं समजू नकोस. मी दोघांना पुरेल एवढा राग बाळगून आहे.

हे पत्र लिहायचं कारण असं की, येत्या रविवारी अकरा वाजता जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ गाडी न्यायला येणार आहेत. बाबांनीच बोलावलंय. त्यांना सांगितलंय, "ओरखडे माझ्या हातचे आहेत, लपवत नाही." गाडी गेली तर एकवेळ जाऊ दे, पण ते वाक्य त्यांनी परक्या माणसासमोर पुन्हा उच्चारता कामा नये. तेव्हा तू शनिवारीच ये. सुट्टी नाही म्हणालास तर तुझ्या ऑफिसच्या तक्रार विभागाला पत्र लिहीन, मला मजकूर येतो. रविवारी ऊन वर यायच्या आत आपण दोघं अंगणात जाऊ. आधी मी दाराची रेघ सांगेन, अडतीस वर्षं उशिराने. मग तू बॉनेटचं सांगायचंस, सरळ, गोल न फिरवता. चापटी बसली तर खायची, चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला चापटीने काही होत नाही, आणि ती मारताना बाबांचा हात थरथरतो का ते मला बघायचंच आहे. मग बादल्या भरू. पॉलिश मी आणून ठेवलंय. अकरा वाजता ते गृहस्थ येतील तेव्हा गाडी विकायची की नाही हे बाबा ठरवतील, पण आपला हात कसा होता हे माहीत असलेला माणूस म्हणून ठरवतील. आणि हो, तो हिरवा स्क्रबर मी जपून ठेवलाय. पुरावा म्हणून नव्हे. गाडी झाली की घरातल्या सगळ्या कढया तूच घासायच्या आहेस, शिंपीणबाईंनी केलेलं कौतुक वाया जायला नको.

तुझीच, आणि रविवारपर्यंत तुझ्याशी न बोलणारी,
ताई