कापलेला परिच्छेद

बोखुम, ११ मार्च १९८८

लाडक्या आईला रीकेची घट्ट मिठी,

मी बरी आहे, फक्त डोळे थकलेत. तुझा गुडघा कसा आहे?

बाबांनी लिहिलेल्या आठवणी टाइप करून झाल्या. तू म्हणालीस तसा डेटलेफदादाचा परिच्छेद मंगळवारी काढला. माउस फिरवून ओळी काळ्या केल्या, एक टिचकी मारली, गेला. फ्लॉपीवरूनही गेला. पण दुसरं काही कापेपर्यंत किंवा बंद करेपर्यंत कॉम्प्युटर तो मजकूर धरून ठेवतो. परत चिकटवावा तर तुझा शब्द मोडतो, आणि बंद करायला हात धजत नाही. तीन दिवस तो चालूच आहे, म्हणून हे पत्र हातानं लिहितेय.

तुझा जावई उवे चिडतो, "कॉम्प्युटर आहे की आजारी माणूस? सारखी उशाशी बसलेली असतेस!"

आई, बाबांनी ते कागदावर लिहिलंच नव्हतं. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात मला तोंडी सांगितलं होतं, "पोराला घराबाहेर काढलं, चूक माझीच होती." गावातले लोक वाचतील म्हणून तुला नको वाटतं, ते समजतं गं मला.

पण दादाचा फोन नंबर तुझ्याकडे आहे, मला माहीत आहे. तेवढा पाठव. बंद करण्याआधी परिच्छेद फक्त पडद्यावर आणून त्याला एकदा वाचून दाखवते.

तुझी दमलेली,
रीके